वळण दोन पूर्णांक सात

एकतीस तारखेला रात्री बारा वाजता
जुन्या प्रोग्रामचा परवाना संपला.
कोणी रडलं नाही. क्वारेज्मा साहेबांनी
सकाळी सगळ्यांना कॉफी पाजली,
आणि तेल्मु नावाचा पोरगा लैरियाहून शिकवायला आला,
माझ्या धाकट्यापेक्षा दोन वर्षांनी लहान.

"आधी जुनं सगळं विसरा," तो म्हणाला.
डोक्यानं विसरले.
बोटांना कोण सांगणार?
डावा हात अजून न बघता तीन अक्षरं मारतो
आणि रेघ यायच्या जागी
एक खिडकी उघडते, विचारते:
आपल्याला काय हवंय?
बावीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.
हाताला लागलेलं वळण मोजता आलं असतं
तर त्यालाही त्रिज्या दिली असती.

माउसचं चाक इथे उलटं फिरतं.
जवळ जायला जावं तर दूर फेकली जाते मी,
आणि अख्खी बाटली ठिपका होऊन बसते.
दिवसातून चाळीस वेळा असं होतं.
परवा घरी गॅसचं बटण चुकीकडे फिरवलं,
सूप उतू गेलं.

जुन्यात नुसत्या रेघा होत्या, पुसली की पुसली.
इथे प्रत्येक रेघेला आई आहे.
आईला हलवलं की खालची पोरं लाल होतात.
डाव्या कडेला झाड, कोण कोणाच्या पोटी, कितव्या पायरीवर.
हा इतिहास आहे, तेल्मु सांगतो, जपा.

पण दोन हजार तीनशे सोळा जुन्या फाइली
इकडे आल्या त्या इतिहास तिकडेच ठेवून.
आकार आला, मायक्रॉनपर्यंत शाबूत.
झाडाच्या जागी एकच शब्द: आयात.
माझी सासू पंच्याहत्तर साली लुआंडाहून आली
तेव्हा तिच्या कागदावरही एकच शब्द होता: परतलेली.
जन्मली ती तिकडेच होती.
परतली कुठे?

मंगळवारी एकशे एकोणिसावी फाइल.
ऑलिव्ह तेलाची चौकोनी बाटली,
खांद्याचं वळण दोन पूर्णांक सात.
"हे तीन करू या ना?" तेल्मु म्हणाला,
"बाकी सगळी तीन आहेत. चूक दिसते."

चूक नाही.
त्या फेब्रुवारीत अबीलियु भट्टीवरून वर आला होता,
हात पुसत, दारातच उभा राहून,
फरशी घाण होईल म्हणून.
"तीनला काच कोपरा धरून बसते," म्हणाला,
"आणि सुटताना कण्हते. मला ऐकू येतं."
मला काही ऐकू आलं नव्हतं.
तरी दोन पूर्णांक नऊ करून पाहिलं, मग आठ.
सातला तो म्हणाला, गप्प झाली.

मी हे कुठे लिहिलं नाही.
जुन्यात लिहायला जागा नव्हती, हे खरं,
पण अबीलियु जिना उतरला की भेटायचा,
लिहायचं कशाला?
तीन वर्षं झाली, आता जिना उतरून उपयोग नाही.

मी ते वळण पुसून नव्यानं काढलं.
सहा टिचक्या लागल्या. पूर्वी दोन लागायच्या.
झाडाला पहिलं पान फुटलं: फिलेट १.
त्यावर दोनदा टिचकी मारून नाव बदललं.
अबीलियु.

तेल्मुनं वाकून पाहिलं.
"हे कुठलं मानक?"
"भट्टीचं," मी म्हणाले.
त्यानं वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारून.

मग नीट जवळून बघावं म्हणून चाक फिरवलं,
आणि बाटली गेली
पार पडद्याच्या टोकाला.
राहिल्या दोन हजार एकशे सत्त्याण्णव.